आज्ञावलीला बातमी कोण सांगणार?

छत्रपती संभाजीनगर शहरातून अहिल्यानगर-पुण्याकडे जाणारा रस्ता धरला, की शहराची वस्ती विरळ होता होता कारखान्यांच्या भिंती सुरू होतात. हे वाळूज. गंगापूर तालुक्यातले हे गाव. १९८५ साली बजाज ऑटो कंपनीचा मोठा कारखाना येथे सुरू झाला. वाहनांचे सुटे भाग करणारे लहानमोठे अनेक कारखाने आसपास उभे राहिले, आणि वाळूजचे नाव दुचाकी व तीनचाकी वाहनांशी कायमचे जोडले गेले.

प्रोग्रॅमर म्हटले की काचेच्या उंच इमारतीत, गार हवेत बसलेली माणसे आपल्या डोळ्यांसमोर येतात. वाळूजसारख्या ठिकाणची प्रोग्रॅमर मात्र पुष्कळदा चालू यंत्राच्या शेजारी उभी असते. अशी एक प्रोग्रॅमर कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. कारखाना लहान आहे, म्हणून यंत्रांना आज्ञा देणे आणि कचेरीतली बिले काढणारी आज्ञावली सांभाळणे ही दोन्ही कामे तिच्याकडेच आहेत. सकाळी पाळी सुरू होण्यापूर्वी ती वर्तमानपत्र वाचते. दिवसभर आज्ञावली लिहिते. रात्री जेवणानंतर काहीतरी वाचीत बसते. यांतले मधले तेवढे काम आणि बाकीचे दोन छंद, असे कुणालाही वाटेल. पण ते खरे नाही. वर्तमानपत्र आणि पुस्तक हीही तिची अवजारेच आहेत. कशी, ते आपण काही प्रत्यक्ष उदाहरणांवरून पाहू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. कोणत्याही आज्ञावलीत दोन प्रकारचा मजकूर असतो. एक, रीत : गुणाकार करा, तुलना करा, मोठे असेल तर या वाटेने जा, लहान असेल तर त्या वाटेने जा. दुसरा, जगाविषयीची माहिती : कराचा दर किती, जिल्ह्याचे नाव काय, घड्याळात आता किती वाजले. रीत एकदा बरोबर लिहिली की ती सहसा बिघडत नाही. गुणाकार उद्याही गुणाकारच राहील. माहितीचे तसे नाही. ती आज खरी असते, आणि उद्या सकाळी आज्ञावलीतले एक अक्षरही न हलता खोटी झालेली असते. संगणक वर्तमानपत्र वाचत नाही. त्याला बातमी सांगायला कुणीतरी लागते.

कारखान्यातली यंत्रे चालवणारा पी.एल.सी. नावाचा छोटा संगणक मुळी जन्मालाच या अडचणीतून आला. पूर्वी यंत्रांचा क्रम ठरवण्यासाठी शेकडो विद्युत-रिले तारांनी जोडून कपाटात बसवीत. मोटारीचे नवे मॉडेल निघाले की त्या तारा उचकटून पुन्हा जोडाव्या लागत, आणि त्यात कित्येक दिवस जात. १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीची ही अडचण सोडवण्यासाठी रिचर्ड मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांऐवजी आज्ञावलीने चालणारा नियंत्रक बनवला. तो त्यांचा ८४ वा प्रकल्प होता, म्हणून त्याचे नाव मॉडिकॉन ०८४. त्याची आज्ञावली शिडीसारख्या आकृतीत मांडतात, आणि ही शिडीची रीत आजही चालते. तेव्हापासून बदल करायचा तो तारेत नव्हे, आज्ञेत. पण कोणता बदल, आणि कधीपासून, हे यंत्राला कळण्याची सोय मॉर्ली यांनाही करता आली नाही.

बावीस सप्टेंबरची मध्यरात्र

३ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेची बैठक झाली आणि दुसऱ्या दिवशी दुचाकी स्वस्त होणार असल्याच्या बातम्या सगळीकडे आल्या. तोपर्यंत मोटारसायकलीवर २८ टक्के कर होता. तो २२ सप्टेंबरपासून १८ टक्के होणार होता. तीनचाकी रिक्षांचेही तसेच. म्हणजे प्रोग्रॅमरच्या हाती तीन आठवडेसुद्धा नव्हते.

हिशेब करून पाहा. करापूर्वीची किंमत ७०,००० रुपये धरा. जुन्या दराने कर १९,६०० रुपये, एकूण ८९,६००. नव्या दराने कर १२,६०० रुपये, एकूण ८२,६००. फरक ७,००० रुपयांचा. आज्ञावलीत जुना आकडा राहिला तर हे सात हजार गिऱ्हाइकाच्या खिशातून नाहक जातील. आणि नवा आकडा चार दिवस आधीच घातला तर सरकारचा कर बुडेल आणि भरपाई दुकानदाराला करावी लागेल.

कुणी म्हणेल, यात काय अवघड? २८ खोडा, १८ लिहा. नवशिका प्रोग्रॅमर नेमके हेच करतो. मग ऑक्टोबरात कुणीतरी ऑगस्टमधल्या बिलाची दुसरी प्रत मागतो. आज्ञावली ऑगस्टच्या बिलावर १८ टक्के कर लावून मोकळी होते, आणि एकाच क्रमांकाची, दोन वेगळ्या रकमांची दोन बिले जगात फिरू लागतात. म्हणून जाणती प्रोग्रॅमर जुना दर खोडीत नाही. ती दरांची एक छोटी वही करते : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत २८, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पुढे १८. आज्ञावलीने बिलाची तारीख पाहायची आणि वहीतून दर उचलायचा. पुढे दर पुन्हा बदलला तर वहीत एक ओळ वाढेल. रीतीला हात लावावा लागणार नाही.

तारीख तरी कोणती? माल दिला ती, बिल केले ती, की पैसे मिळाले ती? दर बदलतो त्या वेळी या तिन्ही तारखा पाहाव्या लागतात, आणि तिघींपैकी कोणत्या दोन बदलाच्या अलीकडे वा पलीकडे आहेत त्यावरून दर ठरतो, असा नियम कायद्यात आहे. हे बातमीच्या मथळ्यात नसते. त्यासाठी मूळ कायदा आणि अधिसूचना वाचावी लागते. येथे वर्तमानपत्र संपते आणि वाचन सुरू होते.

मथळ्यात आणखी एक गोष्ट नव्हती. १८ टक्के दर सगळ्या मोटारसायकलींना नव्हता. ज्यांच्या इंजिनाची क्षमता ३५० घनसेंटिमीटरपेक्षा अधिक नाही, त्यांनाच तो होता; त्याहून मोठ्यांवर ४० टक्के कर बसला. आता बरोबर ३५० क्षमतेचे इंजिन कोणत्या बाजूला? ‘अधिक नाही’ या शब्दांचा अर्थ ३५० धरून, म्हणजे १८ टक्क्यांच्या बाजूला. गणितात तुम्ही ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा लहान किंवा बरोबर’ अशी दोन चिन्हे शिकता. ती दोन वेगळी कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी येथे थोडे थांबावे. त्या एका आडव्या रेघेचा हिशेब करापूर्वीच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे बावीस रुपये होतो.

आता विजेवर चालणारी स्कूटर घ्या. तिला इंजिनच नाही. आज्ञावलीत तिची इंजिन-क्षमता कुणीतरी शून्य लिहून ठेवलेली असते. शून्य हे ३५० पेक्षा लहान आहे. मग आज्ञावली तिच्यावर शांतपणे १८ टक्के कर लावते. वास्तविक विजेवरील वाहनांवरचा कर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे आणि २०२५ च्या बदलातही तो ५ टक्केच राहिला. गणित बरोबर, तुलना बरोबर, उत्तर चूक! जगात विजेच्या स्कूटर आल्या ही बातमी त्या आज्ञावलीपर्यंत पोचलीच नव्हती.

नाव बदलते तेव्हा

वर ज्या रस्त्याचा उल्लेख केला, त्याच्या दोन्ही टोकांची नावे थोड्याच वर्षांत बदलली. औरंगाबाद शहराचे छत्रपती संभाजीनगर हे नाव फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या मान्यतेनंतर अमलात आले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्ह्याचेही नाव बदलले. अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये झाले. मधले वाळूज मात्र वाळूजच राहिले! या भागाला नामांतर नवे नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी वसवलेल्या खडकीचे पुढे फतेहनगर झाले, आणि मग औरंगाबाद. फरक इतकाच, की त्या काळी नावे वह्यांत होती आणि वही वाचणारा कारकून समजूतदार होता. संगणकाला समजूत नसते.

समजा आपल्या प्रोग्रॅमरला गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची यादी सुधारायची आहे. ‘जेथे जेथे औरंगाबाद दिसेल तेथे छत्रपती संभाजीनगर लिही’ अशी आज्ञा देता येते, आणि ती क्षणात पुरीही होते. पण बिहार राज्यातही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. त्याचे नाव बदललेले नाही. या एका आज्ञेने बिहारच्या गिऱ्हाइकांचा माल मराठवाड्याच्या वाटेला लागेल. शिवाय नाव बदलले म्हणून सगळीकडे बदलते असेही नाही. बॉम्बेचे मुंबई होऊन तीस वर्षे झाली, पण तेथल्या उच्च न्यायालयाच्या इंग्रजी नावात बॉम्बे अजून आहे. ज्याचे त्याचे नाव ज्याने त्याने बदलायचे असते, आणि ते बदलले की नाही हे ज्याने त्याने वाचूनच पाहायचे असते.

याहून नाजूक गोष्ट जुन्या कागदांची. २००८ साली जन्मलेल्या मुलीच्या जन्मदाखल्यावर ‘औरंगाबाद’ छापलेले आहे. ती आज कुठेतरी प्रवेशाचा अर्ज भरते. अर्जातल्या यादीत फक्त नवे नाव आहे. दाखला आणि अर्ज जुळवून पाहणारी आज्ञावली दोन नावांतली अक्षरे तपासते, ती जुळत नाहीत, आणि अर्ज बाजूला पडतो. मुलीची चूक नाही, दाखल्याची नाही, नामांतराचीही नाही. चूक अशी, की आज्ञावली लिहिणाऱ्याने नावालाच ओळख मानले.

मग ओळख कशाला मानावे? या प्रश्नाचे एक सुरेख उत्तर एका मराठी माणसाने पन्नास वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले. टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि संस्कृतात काव्ये-नाटके लिहिणारे विद्वान म्हणूनही प्रसिद्ध होते. देशात एकाच नावाची अनेक गावे, पत्ते निरनिराळ्या भाषांत व लिप्यांत, अक्षर कधी वाचता न येणारे. अशा स्थितीत पत्र नेमके कुठे जायचे हे कसे ठरवावे? वेलणकरांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहा अंक. पहिला अंक देशाचा विभाग दाखवतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक टपाल घर. वाळूज औद्योगिक वसाहतीचा पिनकोड ४३११३६. यातला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या पट्ट्याचा. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, तरी ४३११३६ मधला एकही अंक हलला नाही. हलण्याचे कारणच नव्हते, कारण त्यात नावातले काहीच नाही. भाषेवर इतके प्रेम करणाऱ्या माणसाने पत्त्याची ओळख मात्र शब्दांतून काढून अंकांत ठेवावी, यात मला विसंगती वाटत नाही. शब्द किती बदलतात हे भाषेच्या अभ्यासकाला नाही कळायचे तर कुणाला?

याच शहरावर हा जणू प्रयोगच झाला आहे. वाहनांच्या पाटीवरचे ‘एमएच २०’ नामांतरानंतर तसेच राहिले, कारण २० हा नुसता क्रमांक आहे. दूरध्वनीचा ०२४० तसाच राहिला. रेल्वे स्थानकाचा संकेत मात्र ‘एडब्ल्यूबी’ होता. त्यात औरंगाबाद या इंग्रजी नावातली अक्षरे गुंफलेली होती. २०२५ च्या ऑक्टोबरात स्थानकाचे नाव बदलले तेव्हा संकेतही बदलून ‘सीपीएसएन’ करावा लागला. तिकिटे, वेळापत्रके, मालाच्या पावत्या, सगळीकडे. तेलंगणाच्या गाड्यांच्या पाट्यांवर २०१४ पर्यंत आंध्राचे ‘एपी’ होते, मग ‘टीएस’ आले, २०२४ मध्ये ‘टीजी’. संकेतात नावाचा अर्थ भरला की नावाबरोबर संकेतालाही फरफटत जावे लागते.

तेव्हा आपली प्रोग्रॅमर काय करील? प्रत्येक गावाला एक अर्थहीन क्रमांक देईल. एकाच क्रमांकापुढे दोन्ही नावे ठेवील : जुने अमुक तारखेपर्यंत, नवे त्या तारखेपासून. म्हणजे करांच्या वहीसारखीच वही! जुना दाखला आला तर जुन्या नावावरून क्रमांक सापडतो, नव्या अर्जावरून तोच क्रमांक सापडतो, दोन्ही जुळतात. तुमच्या घरातल्या मोबाइलमध्येही अशी जोडनावे आहेत. भारताची प्रमाणवेळ संगणकाच्या जगात ‘एशिया, कोलकाता’ या नावाने नोंदलेली असते. पूर्वी ती ‘एशिया, कलकत्ता’ होती. ते जुने नाव पुसलेले नाही. ते घेतले तरी घड्याळ तीच वेळ दाखवते.

ळ कुठे बसतो?

आता रात्रीच्या वाचनाकडे वळू. संगणकाला अक्षरे कळत नाहीत, क्रमांक कळतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. अक्षरांना क्रमांक देण्याची आज जगभर चालणारी पद्धत म्हणजे युनिकोड. तिचा पहिला ग्रंथ १९९१ मध्ये निघाला. त्यातले देवनागरीचे क्रमांक भारतातच आधी ठरलेल्या ‘इस्की’ या मानकाच्या क्रमाने लावलेले आहेत. ‘वाळूज’ हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. संगणकात तो पाच क्रमांकांचा आहे : व २३५७, काना २३६६, ळ २३५५, दीर्घ उकार २३७०, ज २३३२. कुणी ‘वाळुज’ असे ऱ्हस्व लिहिले तर चौथा क्रमांक २३६९ होतो, आणि संगणकाच्या मते ते वेगळेच गाव ठरते.

ळ चा क्रमांक पुन्हा पाहा. ल २३५४, ळ २३५५, व २३५७. म्हणजे येथे ळ हा ल च्या शेजारी, व च्या आधी बसलेला आहे. हे मानक आखणाऱ्यांनी भारतातल्या सगळ्या लिप्यांना एकच आराखडा दिला आणि सारख्या ध्वनींना सारखी जागा दिली, म्हणून असे झाले. त्यात काही गैर नाही. पण तुम्ही पहिलीत वर्णमाला शिकलात ती आठवा : य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ. मराठी माणूस यादीत ‘वाळूज’ शोधताना ‘वाशी’च्या नंतर पाहतो. संगणकाला नुसते ‘क्रमांकाप्रमाणे लाव’ म्हटले तर तो ‘वाळूज’ आधी ठेवतो.

यात बिघडले काय? हे गणिताने पाहू. लांब यादीत शोध घेण्याची एक हुशार रीत आहे. यादी क्रमाने लावलेली असली की सरळ मधले नाव पाहायचे. हवे ते नाव त्याच्या पुढचे असेल तर मागली अर्धी यादी सोडून द्यायची, मागचे असेल तर पुढली. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा तसेच. दोनाचा दहावा घात १०२४ होतो, म्हणून हजार नावांच्या यादीत जास्तीत जास्त दहा वेळा पाहिले की निकाल लागतो. तुम्ही शब्दकोश उघडता तो साधारण याच रीतीने.

आता ही सात नावे मराठी वर्णक्रमाने लावलेली आहेत : लातूर, वर्धा, वाई, वाडा, वाशी, वाळूज, विरार. एका कारकुनाने ती हाताने लावली, आणि शोध घेणारी आज्ञावली मात्र युनिकोडचे क्रमांक पाहून तुलना करते. तिला ‘वाशी’ शोधायला सांगा. मधले, म्हणजे चौथे नाव ‘वाडा’. पहिले दोन क्रमांक सारखे. मग श २३५८, ड २३३७. श मोठा, म्हणून पुढे चला. उरली तीन : वाशी, वाळूज, विरार. मधले ‘वाळूज’. श २३५८, ळ २३५५. श मोठा, पुन्हा पुढे चला. उरले एकच, ‘विरार’. काना २३६६, ऱ्हस्व वेलांटी २३६७. काना लहान, म्हणजे मागे या. मागे काहीच उरलेले नाही. आज्ञावली सांगते, ‘वाशी’ नावाचे गाव यादीत नाही. आणि ते तर आपल्या डोळ्यांसमोर पाचव्या जागी आहे!

अशा यादीत गावाऐवजी माणसांची नावे घाला. काळे, काशीद, गोखले, गोळे. मतदारयादी घाला, शिष्यवृत्तीची यादी घाला. ‘नाव नाही’ हे उत्तर किती महाग पडेल ते सांगायला नको. दोन्ही क्रम आपापल्या परीने बरोबर आहेत. यादी लावणाऱ्याने आणि शोधणाऱ्याने एकच क्रम धरला पाहिजे. युनिकोडवाल्यांनी भाषाभाषांच्या वर्णक्रमाचे नियमही जमवून ठेवले आहेत, आणि मराठीच्या नियमात ळ हा ह च्या पुढे, क्ष च्या आधी बसलेला आहे. पण तो नियम मागवून घ्यावा लागतो. मराठी शब्दकोश कधी हाती न धरलेल्या प्रोग्रॅमरला तो मागवायचे सुचणारच नाही.

मराठीतला ‘दऱ्या’मधला अर्धा र हाही असाच गमतीचा आहे. तो दोन रीतींनी लिहिता येतो : एकाच क्रमांकाने, २३५३, किंवा साध्या र पुढे नुक्ता देऊन, २३५२ आणि २३६४. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाने नुसते क्रमांक ताडून पाहिले तर ‘दऱ्या’ बरोबर ‘दऱ्या’ नाही!

वाचनाचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचणे. नोकरीत रुजू झाल्यावर नव्या माणसाचे पहिले कित्येक महिने बहुधा यातच जातात. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ मध्ये असे मांडले, की आज्ञावली ही मुख्यतः माणसाने वाचावी म्हणून लिहावी, निबंधासारखी. हे थोडे टोकाचे वाटेल. पण करांच्या वहीत नुसते ‘१८’ लिहिलेले असेल तर पाच वर्षांनी येणाऱ्याला ते का, कुठून, कधीपासून, हे कसे कळणार? शेजारी एक ओळ हवी : दर कोणत्या अधिसूचनेने आला, कोणत्या तारखेपासून, कोणत्या वाहनांना.

तीन दिवसांची सूचना

बातमी आणि आज्ञावली यांची गाठ किती जवळची असते याचा नमुना लेबनॉन देशात पाहायला मिळाला. तेथे दरवर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात. २०२३ मध्ये तो दिवस २६ मार्च होता. त्याच्या अवघे तीन दिवस आधी सरकारने जाहीर केले, की यंदा रमजान असल्यामुळे घड्याळे एप्रिलात पुढे करू. काहींनी ते मानले, काहींनी नाही. अनेकांचे मोबाइल जुन्या नियमाने आपोआप पुढे गेले, आणि एकाच गावात दोन वेळा चालू लागल्या. अखेर सरकारला निर्णय फिरवावा लागला. जगातल्या अशा सगळ्या वेळबदलांची एक सामाईक नोंदवही संगणकांसाठी ठेवलेली आहे, आणि ती ठेवणारे स्वयंसेवक हे काम प्रामुख्याने देशोदेशींच्या बातम्या व सरकारी घोषणा वाचूनच करतात. तीन दिवसांत ती वही सुधारायची, आणि मग जगभरच्या यंत्रांत पोचवायची, हे किती कठीण ते तुम्हीच ताडा.

काही बदल मात्र आधीच छापून ठेवलेल्या बातमीसारखे असतात. अनेक संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून गेलेल्या सेकंदांत. जुन्या रचनेत या संख्येसाठी ३२ द्विमान अंकांची जागा आहे, त्यातला एक अंक धन-ऋण चिन्हासाठी. म्हणून तिच्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. ती आपल्या वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पूर्ण भरेल. पुढच्या सेकंदाला असे घड्याळ थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. नवे संगणक ६४ अंकांची जागा वापरतात, त्यांना चिंता नाही. परंतु कारखान्यातले यंत्र वीस-वीस वर्षे चालते, आणि त्याच्या पोटातले घड्याळ कोणत्या रचनेचे आहे हे पाहिल्याखेरीज कळत नाही.

करून पाहा

एक आठवडाभर घरी येणारे वर्तमानपत्र घ्या आणि लाल पेन्सिल. जी बातमी खरी झाल्यामुळे कुठल्या ना कुठल्या आज्ञावलीतली माहिती जुनी होईल, तिच्याभोवती खूण करा. बसभाड्यातली वाढ, परीक्षेच्या तारखा, नवा तालुका, बदललेला रस्ता, मतदारसंघाची फेररचना, असे पुष्कळ सापडेल. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा : कोणती माहिती बदलली, कोणत्या तारखेपासून, आणि त्या तारखेच्या आधीच्या नोंदींचे काय करायचे. तिसरा रकाना भरताना सर्वांत जास्त वेळ लागेल.

नंतर आपल्या वर्गाचा हजेरीपट घेऊन आडनावे दोनदा लावा : एकदा शाळेच्या वर्णमालेने, एकदा युनिकोडच्या क्रमांकांनी. काळे, कांबळे, गोरे, गोळे, जाधव, शेळके, शेवाळे अशी नावे वर्गात असतील तर उत्तमच. कोण कोण जागा बदलते ते पाहा. ‘कांबळे’मधल्या अनुस्वाराचे तुम्ही काय केले, तेही लिहून ठेवा, त्यावरून तुमच्या वर्गातच वाद होईल, आणि तो मिटवायला शब्दकोश उघडावा लागेल.